देवाला विचारलेला अर्धा प्रश्न

गावात माझ्याबद्दल एकंदरीत चांगलं मत आहे. निवृत्त मुख्याध्यापक, देवळातला मानकरी, आवाज खणखणीत, अक्षर सुंदर. आमच्याकडे एवढ्यावर माणूस प्रामाणिक ठरतो, पुढची चौकशी कुणी करत नाही. आता पंच्याहत्तरी उलटली आहे. मी गेल्यावर शोकसभेत काय काय बोललं जाईल याचा मला अंदाज आहे, कारण गावातली शोकसभेची भाषणं गेली तीस वर्षं मीच लिहून देतो. ती कितपत खरी असतात हेही मलाच ठाऊक. म्हणून माझ्यावरचं भाषण कुणी लिहायच्या आधी एका बाईचं नाव मी कसं घालवलं ते लिहून ठेवतो.

आमचं गाव कट्टा या बाजाराच्या गावाहून मालवणकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. एसटीच्या थांब्याजवळ, शाळेच्या फाटकासमोर पत्र्याखाली ही बाई घावणे करायची. मी तिला वयनी म्हणायचो. नवरा कट्ट्याच्या बाजारात नारळ सोलायचा. तिचा बिडाचा तवा सकाळी सहाला तापलेला असायचा. जाळीदार, पातळ घावणा, खोबऱ्याची चटणी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. एसटीचा ड्रायव्हर तिथे गाडी थांबवायचा तो थांबा आहे म्हणून नव्हे. शाळेचं स्नेहसंमेलन आणि देवळातला वर्षाचा महाप्रसाद, दोन्हीकडची उसळ तिचीच. तिला त्याचा अभिमान होता. गावाने वाढलेल्या पानात आपल्या हातचं असणं, याहून मोठा मान तिला कुणी दिला नव्हता आणि तिने मागितलाही नव्हता.

माझा पुतण्या हॉटेल मॅनेजमेंट शिकून काही वर्षं गोव्यात होता. तिथून तो एक दिवस परत आला तो गावाचा उद्धार करायचं ठरवूनच. माझ्या घराची पडवी नेमकी रस्त्यावर, शाळेच्या अंगाला.

"काका, पडवी तुमची नुसती रिकामी पडलेली आसा," तो म्हणाला. "आपल्या लोकांक अजून बर्गर माहीत नाय. लाज वाटता माका."

मलाही लाज वाटली. चाळीस वर्षं शिकवून मी गावाला बर्गर शिकवला नव्हता. मी पडवी दिली. लाल-पिवळी पाटी लागली, काचेचा काउंटर आला, चिकट होणार नाहीत अशा खुर्च्या आल्या आणि पहिल्या आठवड्यात चिकट झाल्या.

आमच्याकडे कुठलंही काम सुरू करायचं तर आधी देवाला गाऱ्हाणं घालायचं. बोट पाण्यात लोटायची असो, नांगर धरायचा असो की चीज वितळवायचं असो. मानकरी म्हणून ते काम माझं. लोक जमले, नारळ ठेवला, मी आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान जो काय नवीन धंदो मांडलो हा, बर्गर म्हणा, पिझ्झा म्हणा, मोमो म्हणा..."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मागून एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला ढोसलं. "मोमो म्हणजे काय रे?"

"मोदक. पण तिखट."

"मगे व्हय म्हाराजा!"

वयनीही आली होती. तिने स्वतःचा नारळ आणला होता. जाताना म्हणाली, "मास्तरानू, पोराक यश येऊ दी. पोरां सकाळी माझ्याकडे, सांजेक तेच्याकडे. पोटां काय एकाच टायमाक लागतत?"

तिचा हिशोब साधा होता. तिला वाटलं, खाणं म्हणजे भूक लागल्यावर करायची गोष्ट.

पुढच्या दोन वर्षांत गावाची प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी झाली. पोरांच्या डब्यातली भाकरी गेली, मग डबाच गेला. आयांना सकाळची झोप मिळाली, त्यांनी मला रस्त्यात थांबवून धन्यवाद दिले. वाढदिवसाला नारळाच्या गोड रसातले शिरवाळे करणाऱ्या घरात आता पाहुण्यांना पुठ्ठ्याच्या पेट्या वाटतात. व्हाळाच्या पाण्यात पूर्वी खेकडे सापडायचे, आता सॉसच्या पुड्या सापडतात. त्या पकडायला सोप्या, चावत नाहीत. माझ्या दारावर मासे घेऊन येणारी बाई टोपली रिकामी करून जाताना काउंटरवरून चिकनचे तळलेले तुकडे घेऊन जायची.

"काय गो, घरात बांगडो नाय?" मी एकदा विचारलं.

"बांगडो आसा, पण पोरगो खायना. काटो आसा म्हणता."

"मगे?"

"मगे काय? बिनकाट्याचा व्हया तर समुद्राक सांगूचा काय मी?"

समुद्रावर जगणाऱ्या घरातल्या पोराला मासा टोचू लागला, तेव्हा गाव खऱ्या अर्थाने पुढे गेलं असं म्हणायला हरकत नाही. मी स्वतः मागे राहिलो नाही. संध्याकाळी पुतण्या मला चीज सँडविच आणून द्यायचा. पडवीच्या मालकाचा तेवढा हक्क होताच. ते खाऊन आज मी मधुमेहाच्या दोन गोळ्या सकाळी घेतो आणि एक संध्याकाळी.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात शाळेने ठरवलं की नेहमीप्रमाणे वयनीचे घावणे-उसळ असावी आणि जोडीला पुतण्याचे बर्गर. शाळेचा सल्लागार मीच होतो, म्हणजे ठरवलंही मीच. आदल्या दिवशी सकाळी वीज गेली ती संध्याकाळी आली. पुतण्याचा फ्रिज दिवसभर बंद. त्यात मेयोनीजचे मोठे डबे उघडलेले होते. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्याने एक डबा माझ्या नाकाशी धरला.

"काका, वास येता काय?"

वास येत होता. आंबट, किंचित कुजकट. मी मेयोनीज आयुष्यात पाच-सहा वेळा खाल्लं असेल, तेही सँडविचच्या आत, न बघता. पण मास्तराला कुणी काही विचारलं की 'माहीत नाही' हे उत्तर त्याच्या तोंडात बसत नाही. चाळीस वर्षांची सवय.

"मेयोनीजचो वास असोच आसता," मी म्हणालो.

पुतण्याने मान हलवली. मास्तर बोलले म्हणजे संपलं.

दुपारनंतर पोरांना उलट्या सुरू झाल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात खाटा पुरेनात, बाकं आणून लावली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळी पोरं घरी आली, एकाचंही फार बिघडलं नाही. हे माझं सुदैव, त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

कशाने झालं हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. माझी नात, मुलाची मुलगी, त्याच शाळेत होती; ती घावण्याला हात न लावता दोन बर्गर खाऊन मोकळी झाली होती. ती खाटेवर होती. मी पाच घावणे आणि दोन वाट्या उसळ खाल्ली होती. मी तिच्या उशाशी ठणठणीत उभा होतो. पुरावा माझ्याच पोटात होता आणि तो अगदी छान पचला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत पालक जमले. बर्गरवर संशय घ्यायला कुणी तयार नव्हतं. बर्गर कागदात गुंडाळलेला असतो, डब्यावर तारीख छापलेली असते, पुतण्या हातमोजे घालतो, डोक्याला जाळीची टोपी लावतो. वयनी मात्र उघड्या हाताने वाढते. एवढं स्वच्छ कारण समोर असताना दुसरं कशाला शोधायचं?

"वाटाणे आंबले असतीत," कुणीतरी म्हणालं.

"पाणी खंयचा वापरल्यान, देव जाणे."

"अहो, कालच्या काळात ठीक होता. आता स्वच्छता बघूक नको?"

वयनी दाराशी उभी होती. "पंचवीस वरसां तुमचीच पोरां खातत," ती म्हणाली. "आज माझ्या हातात घाण दिसली? बरा. देवाक इचारा. देव सांगात तर मी तवो व्हाळात टाकतंय."

हे ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं. आमच्याकडे अडलेला प्रश्न देवासमोर नेऊन कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, मानकरी प्रश्न मांडतो, मग उजवी पाकळी पडते की डावी ते बघायचं. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. त्यावर पुढे वाद नाही. प्रश्न मांडणारा मीच.

देवळात शे-दीडशे माणूस होतं. वयनी खांबाजवळ, पदर डोक्यावर घेऊन. पुतण्या माझ्या मागे. त्याचा श्वास मला मानेवर लागत होता. आदल्या रात्री त्याची आई माझ्यासमोर रडली होती. तेवढं निमित्त मला पुरलं. मी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! पोरांक जी काय बाधा झाली, ती घावण्यामुळे झाली आसात तर उजवो कौल दी. उसळीमुळे झाली आसात तर डावो दी!"

"व्हय म्हाराजा!"

गुरवाचा हात क्षणभर थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. गाऱ्हाण्याच्या वेळी मिटलेले डोळे भक्तीचेच समजतात. डावी पाकळी पडली.

झालं. दोष उसळीचा. देवाला मी दोन दारं दाखवली होती आणि दोन्ही तिच्याच घरात उघडणारी. तो बिचारा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळा झाला. गर्दीतल्या एकाच्याही लक्षात आलं नाही, कारण बर्गर प्रश्नात असू शकतो हेच कुणाच्या मनात नव्हतं.

वयनीच्या लक्षात आलं. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. कौल लागल्यावर त्याच्याविरुद्ध बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, बाईमाणसाची तर नाहीच. ही पद्धत त्या दिवशी मला फार सुंदर वाटली.

तिने तवा व्हाळात टाकला नाही, पण तो तापायचाही बंद झाला. गिऱ्हाईकच येईना. महाप्रसादाची उसळ दुसऱ्या कुणाला सांगितली, ती पातळ झाली. काही महिन्यांनी नवरा-बायको गाव सोडून गेली. कुठे, हे मी विचारलं नाही. तिच्या पत्र्याखाली आता पुतण्याच्या गिऱ्हाइकांच्या मोटरसायकली उभ्या राहतात. पुढच्या स्नेहसंमेलनात मी 'आहार आणि आरोग्य' या विषयावर भाषण केलं. टाळ्या बऱ्या पडल्या.

सहा वर्षं अशी गेली. गेल्या मे महिन्यात मुलगी आणि जावई पुण्याहून आले. जावयाला 'ऑथेंटिक' काहीतरी खायचं होतं, म्हणून तारकर्लीच्या बाजूला एका होमस्टेमध्ये आम्ही नाश्त्याला गेलो. घावणे आले, काळ्या वाटाण्याची उसळ आली. जावयाने आधी फोटो काढले. मी पहिला घास घेतला आणि माझा हात पानातच राहिला. त्या उसळीतलं भाजलेलं खोबरं मी ओळखतो. पंचवीस वर्षं खाल्लं होतं.

मी उठून मागच्या दाराला गेलो. ती खाली बसून नारळ खवत होती. केस पांढरे झालेले. मला बघून ती उठली नाही.

"बसा मास्तरानू. गोडा खातास की बंद झाला?"

"बंद."

"होयच. चीज खाल्ल्यार काय होतला!"

मी उंबऱ्यावर बसलो. दोन-तीनदा सुरुवात केली. शेवटी म्हणालो, "वयनी, त्या दिवशी कौलाचो प्रश्न मी..."

"माका त्याच दिवशी कळला," ती म्हणाली. हात थांबला नव्हता. "गुरवाक कळला. देवाक कळला. तुमका तर आधीच ठाऊक होता. रवलो कोण? गाव. मगे माका कशाक सांगतास?"

"माफी..."

"ती घेऊन मी काय करू? हय रोज मुंबईचे लोक येतत, बोटां चाटतत, माझा नाव इचारूचा कोणाक सुचणा नाय. तेचा काय वाटणा नाय माका. पण माझ्या गावात पोरांक बाधवणारी बाई म्हणून माझा नाव आसा, ता आसा." तिने खवलेलं खोबरं ताटात झटकलं. "गावाक सांगा. आणि मी समोर असताना नको. मी समोर आसलंय तर लोक म्हणतीत, बाईन रडून वदवून घेतल्यान."

पुढच्या महाप्रसादाची बैठक देवळाच्या मंडपात होती. विषय भाडे, भांडी आणि मांडव. मी उभा राहिलो आणि सांगितलं. वीज गेलेली, डब्याचा वास, नातीचे दोन बर्गर, माझे पाच घावणे, दोन दारांचा प्रश्न. सगळं सांगितलं.

मला वाटलं होतं, मंडप हादरेल. मंडपाला अशा गोष्टींची सवय आहे.

"काका, बीपीची गोळी घेतल्यात?" पुतण्याने विचारलं.

"अरे, इतक्या वरसांनी कशाक उकरतास, मास्तरानू? पोरां बरी आसत ना?"

एक म्हातारे मानकरी काठी आपटून म्हणाले, "कौल झालो तो झालो. फिरवूचो तर परत लावूक व्हयो."

"देवान काय चुकवल्यान म्हणान परत लावूचो?" मी म्हणालो. "तेका इचारला ता तेणी सांगल्यान. इचारणारो खोटो होतो. तो तुमच्यासमोर उभो आसा."

गुरव कोपऱ्यातून बोलला, "माका तेवाच कळला होता."

"मेल्या, मगे बोलूक काय झाला होता?"

"बोलतलंय कसो? मास्तर ते. माका दोनदा नापास केल्यानी."

सगळे हसले. त्या हसण्यातच विषय संपला. गावाने मला माफ केलं की ऐकलंच नाही, हे मला अजून कळलेलं नाही. पण ठराव झाला की यंदाची उसळ तिलाच सांगायची. निरोप घेऊन गुरव गेला. ती यायला तयार झाली.

महाप्रसादाच्या दिवशी तिने पहाटेपासून चूल सांभाळली. दुपारी पानं मांडली. म्हातारी माणसं आली, बायका आल्या. एक-दोघींनी जवळ जाऊन तिचा हात धरला, काहीतरी पुटपुटल्या. तिच्या हातची उसळ गावाच्या पानात पडली. सहा वर्षांनी. मी पान घेऊन बसलो होतो, पण बघत होतो तिच्याकडे. ती पंगतीकडे बघत होती. तिसऱ्या ओळीनंतर पानं रिकामीच होती.

"पोरां खंय?" तिने विचारलं.

मी रस्त्यापलीकडच्या माझ्या पडवीकडे बोट दाखवलं. पुतण्याने त्या दिवशी एका बर्गरवर एक फुकट ठेवला होता. देवळाच्या आवारापर्यंत रांग आली होती. उद्योगधंद्यात दिवस साधावा लागतो.

चार वाजले तरी पातेलं अर्धं भरलेलं. तिने कमरेला पदर खोचला. "मास्तरानू, नुसते उभे काय रवलात? एक कडी धरा."

एका कडीला ती, एका कडीला मी, असे आम्ही रस्ता ओलांडून गेलो. काउंटरसमोर पातेलं ठेवून तिने झाकण काढलं. पोरं बघायला लागली. फ्राईजचा कागदी डबा हातात घेतलेली दहा वर्षांची एक मुलगी पुढे झाली.

"तिखट आसा?"

"चाखून बघ."

"वाटी नाय माझ्याकडे."

वयनीने डाव भरला आणि सरळ तिच्या फ्राईजवर ओतला. मुलीने एक उचलून खाल्ली, मग दुसरी. मागचा पोरगा ओरडला, "माका पण!" साडेपाचपर्यंत पातेल्याचा तळ दिसला. परत जाताना पातेलं तिने एकटीने उचललं.

पुतण्या हे सगळं काउंटरमागून बघत होता. त्याची दृष्टी चांगली आहे. चौथ्या दिवशी त्याच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेलं आलं: 'मालवणी उसळ फ्राईज. अस्सल घरगुती चव.' उसळ कुणाची? डबाबंद वाटाणे आणि पुडीतला मसाला.

"ही तिची उसळ नाय रे," मी म्हणालो.

"काका, लोकांक थोडोच फरक कळता? ती बाई इली होती ता सगळ्यांनी बघल्यानी. बस झाला."

मी फडकं घेऊन फळा पुसला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा लिहिलं, मी पुन्हा पुसलं. तिसऱ्या दिवशी वयनीला फोन केला. ही उसळ खाऊन उद्या कुणाचं पोट बिघडलं तर बोट पुन्हा कुणाकडे जाईल, हे तिला सांगावं लागलं नाही.

"पुसू नकात म्हणतंय मी," ती म्हणाली. "तुमचा अक्षर चांगला ना? तेच्या खाली लिवा. माझा पुरा नाव घाला, आणि लिवा की ही उसळ हिच्या हातची नाय."

तेव्हापासून पुतण्या सकाळी वर लिहितो आणि मी खाली. पडवी माझी असल्यामुळे त्याला गप्प बसावं लागतं. तिचं नाव मी या पानांत कुठेही घातलेलं नाही. ते फळ्यावर आहे, ठळक, सावकाश काढलेल्या अक्षरांत. पर्यटक गाड्या थांबवतात, वाचतात आणि विचारतात, "आजोबा, ही बाई कोण?" मग मी खुर्ची पुढे ओढतो आणि मेयोनीजच्या वासापासून सुरुवात करतो. बहुतेक जण ऐकता ऐकता फ्राईज संपवतात आणि निघून जातात. एखादा मात्र हातातला डबा खाली ठेवून विचारतो, त्या आता कुठे भेटतील. त्याला मी रस्ता सांगतो.